आधी खिडकीपाशी बसा

"सर, यात प्लस करायचं की मायनस?"

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना मी गेली काही वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत संध्याकाळी गणित शिकवतो. आगगाडीच्या गणितांना हात घातला की दुसऱ्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. विचारणारा मुलगा मठ्ठ नसतो. उलट तो क्लास करून आलेला असतो. त्याच्या वहीत दोन गाड्यांच्या वेगांसाठी चौकट आखलेली असते: विरुद्ध दिशा, प्लस, एकच दिशा, मायनस. तिच्याखाली दुसरी चौकट: ताशी किलोमीटरचे सेकंदाला मीटर करायचे तर पाच अठरांश, उलट जायचं तर अठरा पंचमांश. मग लाल शाईत: खांब किंवा माणूस असेल तर फक्त गाडीची लांबी, फलाट किंवा पूल असेल तर दोन्हींची बेरीज. चौकटी तोंडपाठ. समोरच्या गणिताला त्यातली कुठली लावायची एवढंच कळत नाही, म्हणून तो मला विचारतो. मी 'प्लस' म्हणालो की चाळीस सेकंदांत बरोबर उत्तर काढून दाखवतो, आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की आता पुढचं घ्या.

ही गणितं भरतीच्या परीक्षांतून काढून टाका, असं म्हणणारे लोक मला नेहमी भेटतात. शिपायाला, तलाठ्याला आगगाडीच्या लांबीशी काय करायचंय, असा त्यांचा सवाल असतो. मी त्यांच्या बाजूचा नाही. काळ-काम-वेगातली हौदाची तोटी उद्या गेली तर मला फारसं वाईट वाटणार नाही, पण दोन गाड्यांचं गणित राहिलं पाहिजे असं मी म्हणेन. माझी तक्रार वेगळी आहे. सापेक्ष वेगाच्या, म्हणजे एका गाडीतून दिसणाऱ्या दुसरीच्या वेगाच्या गणितात शिकण्यासारखी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे आपली बसायची जागा बदलून तेच दृश्य पुन्हा बघणं. परीक्षेने आणि क्लासने मिळून नेमकी तेवढीच गोष्ट गाळली आणि बाकीचा चोथा शिल्लक ठेवला.

मी वर्गात एक गणित मुद्दाम घालतो. दोन लोकल, दोन्ही अडीचशे मीटर लांब. बारा डब्यांची लोकल साधारण तेवढीच भरते. एक ताशी ५४ किलोमीटरने जातेय, दुसरी समोरून ३६ ने येतेय. तुम्ही पहिल्या लोकलमध्ये खिडकीपाशी बसला आहात. समोरची गाडी तुमच्या खिडकीसमोरून किती सेकंदांत निघून जाईल?

वेगांची बेरीज ९०, म्हणजे सेकंदाला २५ मीटर. इथवर सगळे येतात. मग लाल शाईतली चौकट आठवते आणि निम्म्याहून जास्त मुलं लांब्यांची बेरीज करतात. पाचशे भागिले पंचवीस, वीस सेकंद. खरं उत्तर दहा आहे. खिडकीपाशी बसलेल्या माणसाला स्वतःच्या गाडीच्या लांबीशी काही देणंघेणं नसतं. त्याच्या डोळ्यांसमोरून फक्त समोरची गाडी जाते, तिचे अडीचशे मीटर. वीस सेकंद हे कुणाचं उत्तर? दोन्ही गाड्यांची तोंडं एकमेकांसमोर आल्यापासून दोन्हींची शेपटं एकमेकांपासून सुटेपर्यंतचं. ते मोजायचं तर रुळांच्या बाजूला, थोडं उंचावर उभं राहून दोन्ही टोकांवर नजर ठेवली पाहिजे. उत्तरं दोन्ही बरोबर आहेत. बघणारा कुठे आहे, यावर कुठलं घ्यायचं ते ठरतं.

ज्याने चूक केली त्याला मी फळ्याजवळ बोलावत नाही. डोळे मिट, म्हणतो. तू गाडीत बसलायस. आता तुझी गाडी थांबली असं धर, रूळ आणि झाडं मागे धावू देत. समोरची गाडी कशी येताना दिसते? "जोरात," तो म्हणतो. किती जोरात? "तिच्या वेगाने, अधिक आपल्या." झालं. प्लस आला, पण चौकटीतून आला नाही. मग तीच दुसरी गाडी शेजारच्या रुळावरून आपल्याच दिशेने नेऊ. दादरच्या पुढे फास्ट आणि स्लो लोकल बराच वेळ बरोबरीने धावतात तेव्हा शेजारच्या डब्यातल्या माणसाचा पेपर वाचता येईल इतकी ती गाडी जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते. ५४ मधून ३६ गेले, राहिले १८, सेकंदाला पाच मीटर. तिची अडीचशे मीटर लांबी आपल्या खिडकीसमोरून मागे सरकायला ५० सेकंद लागतात. ज्या मुलाला हे दिसलं त्याला प्लस-मायनस विचारावं लागत नाही.

शास्त्राच्या पुस्तकात मराठीत 'चाल' आणि 'वेग' असे दोन वेगळे शब्द आहेत. नुसतं किती जोरात, ती चाल. किती जोरात आणि कुठल्या दिशेला, तो वेग. गणिताच्या पुस्तकांनी मात्र सरसकट 'वेग' वापरला आणि दिशा खाऊन टाकली. दिशा ठेवली असती तर दोन नियमांची गरजच पडली नसती. एका दिशेला अधिक मानायचं, उलट दिशेला उणे, आणि कायम वजाबाकी करायची. ५४ मधून उणे ३६ वजा केले की ९० आपोआप येतात. दोन नियम पाठ करणाऱ्या मुलाच्या हाती एकाच वजाबाकीचे दोन तुकडे असतात, आणि ते एकमेकांना जोडलेले आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

हे काही नवं शहाणपण नाही. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास जे 'आर्यभटीय' रचलं त्यातल्या गणितपादात ३१वा श्लोक याच गणिताचा आहे. विलोम, म्हणजे परस्परांविरुद्ध जाणाऱ्या दोघांमधलं अंतर गतियोगाने, म्हणजे गतींच्या बेरजेने भागा. अनुलोम, म्हणजे एकाच दिशेने जाणारे असतील तर गत्यंतराने, म्हणजे गतींच्या फरकाने भागा. क्लासच्या चौकटीतली दोन्ही सूत्रं तिथे एका ओळीत आहेत. पण त्या श्लोकाचं शेपूट माझ्या मुलांच्या वहीत नसतं: आलेला काळ हा भेट होऊन गेल्याचा असेल किंवा व्हायची असल्याचा असेल. आर्यभटाच्या मनात आगगाडी नव्हती, ग्रह होते. दोन ग्रहांची युती झाली की व्हायचीय, हे आधी आकाशाकडे बघून ठरवावं लागतं. पुढचा ग्रह जोराचा असेल तर भेट मागेच झाली. मागचा जोराचा असेल तर पुढे आहे. आमच्या प्रश्नपत्रिकांत मागचा नेहमीच जोराचा असतो आणि भेट नेहमीच पुढे असते, त्यामुळे तपासून बघायची सवय लागायचा प्रश्नच येत नाही.

त्याच ग्रंथाच्या गोलपादात तो नावेतल्या माणसाचा दाखला आहे. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात, तसे फिरत्या पृथ्वीवरून तारे पश्चिमेला जाताना दिसतात. सूत्र आणि नावेतला माणूस, दोन्ही एकाच छोट्या ग्रंथात. आम्ही सूत्र ठेवलं आणि माणसाला नावेतून उतरवलं.

भास्कराचार्यांचं नाव घेतलं की आमच्याकडे छाती फुगते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, तेव्हा ते आपलेच, हे खरं. पण ११५०च्या 'लीलावती'तलं मोर आणि सापाचं गणित मी वर्गात घातलं की काय होतं ते सांगतो. नऊ हात उंच खांब, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ, खांबावर मोर. साप बिळापासून सत्तावीस हातांवरून बिळाकडे निघालाय. मोराने तिरकी झेप घेतली. दोघांची गती सारखी. बिळापासून किती हातांवर गाठ पडेल? मुलं पहिल्यांदा काय म्हणतात? "सर, वेगच दिलेला नाही." दोघांची गती सारखी आहे एवढं पुरेसं आहे, कारण मग दोघांनी कापलेलं अंतर सारखं. बिळापासून गाठीपर्यंतचं अंतर क्ष धरलं तर साप सत्तावीस वजा क्ष हात आला, आणि मोरानेही तेवढंच अंतर तिरकं कापलं. पायथागोरस लावला की बारा हात. पाच अठरांश कुठेच लागत नाही, आणि म्हणून मुलांना हे गणित 'सिलॅबसच्या बाहेरचं' वाटतं.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू, कारण ती बाजू मला पटते. पोलीस भरतीची लेखी शंभर गुणांची, वेळ नव्वद मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. त्यात मराठी व्याकरण आहे, बुद्धिमत्ता आहे, चालू घडामोडी आहेत. उमेदवार लाखांत. उत्तरपत्रिका यंत्राने तपासायची. अशा वेळी परीक्षा घेणाऱ्याला चार पर्यायांतला एक बरोबर असलेला, कोर्टात आव्हान देता येणार नाही असा प्रश्न हवा असतो. आगगाडीचं गणित त्यात चपखल बसतं. आकडे बदलले की नवा प्रश्न तयार. आणि ज्याला ५४ सेकंदांत उत्तर काढायचंय तो डोळे मिटून खिडकीपाशी बसणार कधी? क्लासवाल्यांनी ट्रिक शोधल्या त्या हौसेने नाही. परीक्षेने त्यांच्याकडे तेच मागितलं. मुलांनी घरून आणलेल्या पैशांचा मोबदला म्हणून त्यांनी ते पुरवलं. मी त्यांना खलनायक करणार नाही. मीसुद्धा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात हेच करतो.

पण मग चाळणी कसली होते ते स्पष्ट म्हणू या. ज्याने त्या छापाची दोनशे गणितं सोडवली तो पुढे, ज्याने वीस सोडवली तो मागे. दोनशे सोडवायला अभ्यासिकेची फी, जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच आणि दिवसभर मोकळा वेळ लागतो. सकाळी डेअरीवर दूध घालून, दुपारी शेतात पाणी पाजून आलेल्या मुलाकडे तो नसतो. त्याची विचारशक्ती दुसऱ्यापेक्षा कमी आहे असं त्या गुणांवरून ठरत नाही. त्याने किती छाप पाहिलेत एवढंच ठरतं.

शिवाय गाडी पाहिलेली असणं आणि नसणं हाही भाग आहे. बीड शहराला रेल्वे बघायला २०२५ उजाडलं. गडचिरोली जिल्ह्यात कित्येक वर्षं रेल्वे स्टेशन म्हणजे एकटं वडसा. तिथल्या मुलाने गाडीच्या खिडकीत बसून समोरची गाडी अंगावर आल्यासारखी धडधडत जाताना अनुभवलेली नसेल तर त्याच्यासाठी ते गणित म्हणजे कागदावरच्या दोन रेघा. आणि त्याला आम्ही त्या गणिताची भाषा कशी देतो? 'एक रेल्वे विरुद्ध दिशेने येणाऱ्या दुसऱ्या रेल्वेस पार करते.' पार करते म्हणजे नक्की कधीपासून कधीपर्यंत? 'भेटणे', 'गाठणे', 'ओलांडणे' आणि 'पूर्णपणे ओलांडणे' हे चार वेगवेगळे क्षण आहेत, आणि प्रश्नपत्रिकेत ते एकमेकांच्या जागी बिनदिक्कत येतात. इंग्रजीतून उतरवलेली ही वाक्यं गाववस्तीवर कुणी बोलत नाही. एकदा एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, एक गाडी दुसरीला पार करते म्हणजे वरून जाते का?" सगळे हसले. मला तिचा प्रश्न चुकीचा वाटला नाही.

आणि ज्यांच्याकडे रेल्वे आहे त्यांचं तरी काय? कोकणात जाऊ. १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे ७४१ किलोमीटरची, आणि रोहा-वीर पट्टा सोडला तर बहुतेक सगळी एकेरी. समोरासमोरच्या दोन गाड्या धावता धावता एकमेकींना ओलांडताना तिथे दिसत नाहीत. एक गाडी स्टेशनात बाजूच्या रुळावर उभी राहते, दुसरी निघून जाते. वैभववाडीला किंवा कणकवलीला गाडी खोळंबली की डब्यातली पाच वर्षांची पोरंसुद्धा सांगतात, क्रॉसिंगला थांबलीय. तिथल्या मुलांना दोन समांतर रुळांचं गणित शिकवायचं आणि रोज डोळ्यांसमोर घडणारं क्रॉसिंगचं गणित सोडून द्यायचं, याला काय म्हणावं!

ते गणित करून बघा. समजा साठ किलोमीटरच्या पट्ट्याच्या दोन टोकांहून दोन गाड्या एकाच वेळी निघाल्या. एक्सप्रेस ताशी ७०, मालगाडी ताशी ५०. पुस्तकी उत्तर: ६० भागिले १२०, अर्ध्या तासाने, एक्सप्रेसच्या टोकापासून ३५ किलोमीटरवर भेट. पर्याय 'ब', पुढचा प्रश्न. पण ३५व्या किलोमीटरला स्टेशनच नाही, बोगदा आहे! बाजूचा रूळ असलेली स्टेशनं २८व्या आणि ४०व्या किलोमीटरला आहेत असं धरू. २८ वर भेटवायचं तर एक्सप्रेस २४ मिनिटांत तिथे येते आणि मालगाडीला यायला ३८ मिनिटांहून थोडं अधिक लागतं. एक्सप्रेसचे प्रवासी चौदा मिनिटं तंबाखू मळत बसणार. ४० वर भेटवायचं तर मालगाडी २४ मिनिटांत येऊन उभी राहते, एक्सप्रेस साधारण ३४ मिनिटांनी जाते. मालगाडी दहा मिनिटं थांबली, तिची तक्रार नाही. आता एक्सप्रेस मुळात वीस मिनिटं उशिरा सुटली असेल तर? मग निर्णय उलटू शकतो का? इथे गणित सुरू होतं. गतियोगाने भागणं ही त्याची पहिली पायरी झाली, शेवटची नव्हे.

रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात बसणारा सेक्शन कंट्रोलर हेच करत आलाय. त्याच्या चार्टवर आडवी वेळ, उभी स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. अप गाडी एका अंगाला झुकलेली, डाऊन दुसऱ्या. रेघ जितकी उभी तितकी गाडी जोराची. रेघ आडवी झाली म्हणजे गाडी थांबली. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे क्रॉसिंग, आणि ती जागा स्टेशनाच्या रेघेवर आणून बसवायची ही त्याची कामगिरी. आता हे कागदाऐवजी संगणकावर होतं, पण रेघा त्याच. सहावी-सातवीच्या मुलाला आलेखाच्या कागदावर हा चार्ट काढायला लावा. एकाच दिशेच्या दोन गाड्यांच्या रेघा हळूहळू जवळ येतात, विरुद्ध दिशेच्या झपाट्याने. बेरीज-वजाबाकी त्याला सांगावी लागत नाही, दिसते. वर्गात एक तास जातो खरा. तेवढ्यात क्लासमध्ये पंधरा गणितं झाली असती.

मला सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. हे गणित आम्ही ज्यांना विचारतो त्यांना रोजच्या कामात ते फारसं लागत नाही, आणि ज्यांना पदोपदी लागतं त्यांना कधी विचारत नाही. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत चिन्हं विचारतात, नियम विचारतात. ओव्हरटेकला किती रस्ता मोकळा लागतो हे कुणी विचारत नाही.

दोन पदरी रस्त्यावर ट्रक ताशी ६० ने चाललाय. तुम्ही गाडी ८० वर नेऊन त्याला मागे टाकता. मागे वीस मीटर, ट्रकचे बारा, तुमच्या गाडीचे चार, पुढे गेल्यावर पुन्हा वीस. छप्पन मीटर तुम्हाला ट्रकच्या मानाने पुढे सरकायचंय. फरक ताशी वीस, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. दहा सेकंद. त्या दहा सेकंदांत तुम्ही स्वतः रस्त्यावर सव्वादोनशे मीटर गेलात, आणि समोरून ८० ने येणाराही सव्वादोनशे मीटर आला. म्हणजे ट्रकच्या मागून बाहेर डोकावलात त्या क्षणी साडेचारशे मीटर रस्ता मोकळा हवा. आता फरक ताशी वीसऐवजी दहा करा, गाडी ७० वर ठेवून रेंगाळत ओव्हरटेक करा. वेळ दुप्पट, आणि लागणारा रस्ता आठशे मीटरच्या वर. 'मी काय जोरात नव्हतो, सावकाश चाललो होतो' असं सांगणारा माणूस त्या दहाच्या फरकावर मेलेला असतो. मुंबई-गोवा रस्त्यावर जिथे जिथे वळणाचे दोनच पदर उरले आहेत तिथे आठशे मीटर पुढचं दिसतं कुणाला?

आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की रात्री उसाच्या ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. ट्रॅक्टर ताशी २०, मागून मोटरसायकल ६०. फरक ४०, सेकंदाला अकरा मीटर. ट्रॉली दिव्याच्या उजेडात चाळीस मीटरवर दिसली तर हातात चार सेकंदसुद्धा नाहीत. हा 'मायनस'चा प्रश्न आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं रात्री अभ्यासिकेतून त्याच रस्त्याने घरी जातात. हे गणित मी त्यांना घातलं त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी प्लस की मायनस विचारलं नाही.

मग परीक्षेत काय बदलायचं? लाखोंच्या परीक्षेत निबंध लिहून घ्या असं मी म्हणत नाही. चार पर्यायांचाच प्रश्न राहू दे, पण जागा बदलायला लावणारा असू दे. खिडकीतल्या माणसाला किती वेळ लागेल आणि रुळाशेजारच्या माणसाला किती, हे दोन्ही पर्यायांत ठेवून कोणासाठी कुठलं ते विचारा. एखाद्या गणितात एक माहिती गाळा आणि कुठली गाळली ते ओळखायला सांगा. जास्तीचा आकडा घाला आणि कुठला नको ते विचारा. भेट होऊन गेली असेल असं एखादं गणित द्या. 'दोन्ही गाड्यांचा वेग वाटेत बदलला नाही' हे गृहीत प्रश्नात स्पष्ट लिहा. मुंबई आणि पुण्याच्या गाड्या प्रत्येक पुस्तकात एकसारख्या वेगाने एकमेकींकडे धावतात. प्रत्यक्षात कर्जतला मागे जादा इंजिन लावून गाडी लोणावळ्याचा घाट चढते, तिथे कसला एकसारखा वेग! गृहीत धरायला माझा विरोध नाही, त्याशिवाय गणित होतच नाही. पण आपण काहीतरी गृहीत धरलंय एवढं मुलाला ठाऊक असावं. असे शंभरातले पाच प्रश्न आले तर क्लासवाले दोन वर्षांत त्यांचेही छाप पाडतील, हे मला माहीत आहे. पाडू देत. निदान त्या छापात शिरायला मुलाला एकदा तरी गाडीत बसावं लागेल.

आणि ज्या पोराला पोलीस व्हायचंय त्याला ते जुनं गणित अजूनही येतंच: चोर २०० मीटर पुढे, ताशी १० ने पळतोय, पोलीस ११ ने, पकडेपर्यंत चोर किती पळेल? फरक ताशी एक, बारा मिनिटं, दोन किलोमीटर. चोर दोन किलोमीटर सरळ रस्त्यावर एकाच वेगाने, गल्लीत न वळता पळतो. मुलं या गणितावर हसतात, मी पण हसतो. मग त्याच मुलांना मी मैदानावर नेतो.

भरतीत आधी मैदान असतं, मग लेखी. मुलांना १६०० मीटर धावायचं असतं. पहाटे साडेपाचला शाळेच्या ग्राउंडवर चारशे मीटरची फेरी आखून ती पळत असतात. मागच्या थंडीत त्यातला एक, वर्गात सगळ्यात जास्त 'प्लस की मायनस' विचारणारा, माझ्याजवळ धापा टाकत आला. तो साधारण सेकंदाला पाच मीटर पळतो, त्याचा मित्र चार. मी म्हटलं, दोघं एकाच वेळी सुटलात तर तू त्याला पूर्ण एक फेरी मागे टाकून पुन्हा गाठशील, ते किती सेकंदांनी? त्याने वाळूत बोटाने केलं. फरक एक मीटर, फेरी चारशे, चारशे सेकंद. चौकटीतलं गणित, बरोबर सुटलं. मी काही बोललो नाही. तो उठून चार पावलं गेला आणि परत आला.

"पण सर, माझी धाव तर तीनशे वीस सेकंदांतच संपते. तेव्हा तो माझ्या तीनशे वीस मीटर मागे असेल. मी त्याला गाठतच नाही."

"मग?"

"मग चारशे हे उत्तर बरोबर की चूक?"

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. मी त्याला म्हणालो, पेपरात आलं तर चारशेवर खूण कर.